हवालदाराच्या छातीतलं पाणी

लग्नाच्या दिवशी सकाळी हवालदार जिन्याच्या वळणावर बसला तो उठेचना.

हवालदार म्हणजे कुत्रा. सोनेरी केसांचा, रुंद छातीचा, कान कायम थोडे ओले. चष्म्याच्या दुकानाच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर तो नजर ठेवायचा म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला हे नाव दिलं होतं. खरं तर जन्मात त्याने कोणाला अडवलं नव्हतं. चोर शिरला असता तर हवालदाराने त्याला फ्रेम निवडायला मदत केली असती, असं त्याची मालकीण म्हणायची.

ही मालकीण, चष्मेवाल्या बाई, त्या दिवशीची नवरी होती. वय साठीच्या उंबऱ्यावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक दुसऱ्या गावी नोकरीला. दुकान, कुत्रा आणि वरच्या मजल्यावरचं घर एवढ्यात त्यांचं छान चाललं होतं. लग्नाचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

मग लिफ्टवाले आले. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले हे गृहस्थ वाचायचा चष्मा करायला आले आणि चष्मा घेऊन गेले. थोड्याच दिवसांनी परत आले, चष्म्यावर बसलो म्हणाले. मग काडी वाकली. मग एक स्क्रू सैल झाला. शेवटी बाईंनी त्यांना सरळच विचारलं, की जन्मभर वीस-वीस मजली लिफ्टा दुरुस्त केल्यात, हा एवढासा स्क्रू तुम्हाला आवळता येत नाही का? लिफ्टवाले म्हणाले, येतो की, पण मग इथे यायला कारण उरत नाही. बाईंनी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि चेहरा पूर्ववत होईपर्यंत वर आल्याच नाहीत.

तर असं ते ठरलं. लग्न नोंदणी कार्यालयात, मोजक्या माणसांत. सगळं सुरळीत होतं, फक्त हवालदाराच्या पोटावरून घरात ठिणगी पडली होती.

गेले काही आठवडे तो मंदावला होता. फिरायला निघाला की कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी थांबायचा, जणू तिथे कोणाची तरी वाट बघायची आहे. दोन जिने चढला की धापा टाकायचा. खाणं कमी झालं होतं, पाठीची हाडं हाताला लागत होती, आणि पोट मात्र दिवसेंदिवस तुंबत होतं. लग्नाच्या तयारीसाठी लेक आली तिने पहिल्याच दिवशी निदान केलं: बिस्किटं. संशयित एकच होता. लिफ्टवाल्यांनी सुरुवातीच्या दिवसांत हवालदाराला वश करायला खिसे भरभरून बिस्किटं आणली होती, हे जगजाहीर होतं. लेकीने हवालदाराला उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं आणि लिफ्टवाल्यांना तंबी दिली. त्यांनी शपथेवर सांगितलं की गेल्या कित्येक दिवसांत आपण एक तुकडाही दिलेला नाही. पोट तरी वाढतच राहिलं.

एक दिवस बाईंचा तोल गेला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "घोरणारा माणूस मला चालेल. विसराळू चालेल. पण तोंडावर खोटं बोलणारा चालणार नाही."

लिफ्टवाले उठले. टोपी घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा दारातच उभं राहून त्यांनी पँटचे, शर्टाचे, कोटाचे असे सगळे खिसे उलटे करून दाखवले आणि मगच आत पाऊल टाकलं. त्या दिवसापासून रोज तसंच. बाईंना हसू यायचं आणि हसू आलं म्हणून रागही यायचा. मनातलं ते बारीक कुसळ काही निघत नव्हतं.

लग्नाच्या सकाळी बाई निळे रेशमी कपडे घालून खाली उतरत होत्या. पुढे लेक, मागे हवालदार. वळणावर हवालदार बसला. बाईंनी हाक मारली, त्याने शेपटीचं टोक हलवलं. उठायला गेला आणि पुढचे पाय असे घसरले, की लाकडाचा ओंडका कलंडावा तसा तो आडवा झाला. बाईंनी त्याचा ओठ उचलून पाहिला. नेहमीच्या गुलाबी हिरड्या जुन्या कपबशीसारख्या पांढुरक्या दिसत होत्या.

खाली गाडीपाशी लिफ्टवाले उभे होते, सोबत त्यांची थोरली बहीण. ही ताई ऐंशीच्या घरातली, कानाने अधू. बाई तिला नुकत्याच वन्सं म्हणू लागल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणाची तरी वन्सं झाल्याने ती इतकी खूश होती, की ऐकू आलं तरी न आल्यासारखं करून पुन्हा हाक मारून घ्यायची. बाईंचा आवाज ऐकून लिफ्टवाले वर धावले. त्यांनी एका नजरेत काय ते ओळखलं, पलंगावरची जाड चादर आणली, हवालदाराला अलगद तिच्यावर सरकवलं आणि लेकीला दोन टोकं धरायला लावली. जड वस्तू अरुंद जिन्यातून कशी उतरवायची हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. नोंदणी कार्यालय उजवीकडे होतं. गाडी डावीकडे वळली.

प्राण्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी मोठे डॉक्टर नव्हते. कसल्याशा परिषदेला गेले होते. होती ती त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टर आणि एक धिप्पाड सिस्टर, जी मांजरांनाही दरडावून शांत करायची. डॉक्टर मुलीला बाई लहानपणापासून ओळखत होत्या. तिचा पहिला चष्मा बाईंनीच केला होता आणि आताचा नाकावरचाही त्यांचाच होता. दार ढकलून रेशमी कपड्यांतली नवरी, काळ्या कोटातला नवरा, हातात फुलांचा गुच्छ घेतलेली म्हातारी आणि चादरीत कुत्रा असा ताफा आत आला तेव्हा ती सशाची नखं कापत होती. तिने ससा सिस्टरच्या हातात दिला आणि काही न विचारता टेबल मोकळं केलं.

तिने हिरड्या पाहिल्या. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी पाहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. नाडी दोऱ्यासारखी होती, आणि हवालदार श्वास आत घ्यायचा तेव्हा ती जवळजवळ नाहीशीच व्हायची. मानेवरचे केस ओले करून तिने शीर पाहिली, ती फुगून वर आली होती. मग तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. एका बाजूला ऐकलं, दुसऱ्या बाजूला ऐकलं, डोळे मिटून पुन्हा ऐकलं.

लेकीने तोपर्यंत बिस्किटांचा सगळा इतिहास सांगायला घेतला होता. उकडलेल्या भाज्या झाल्या, व्यायाम झाला, आणि आता आपण आजीच्या औषधांतल्या उरलेल्या, लघवी होण्याच्या गोळ्या द्यायचा विचार करत होतो, असंही ती म्हणाली. डॉक्टरने एकदम डोळे उघडून विचारलं, की दिल्या तर नाहीत ना? नाही म्हटल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला. त्या गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरलं असतं, हृदयाकडे येणारं रक्त आणखी कमी झालं असतं, आणि हवालदार इथवर पोचलाच नसता.

मग तिने बाईंकडे पाहून सांगितलं, की हृदय चालू आहे, पण त्याचा आवाज फार लांबून येतोय. शेजारच्या घरात कोणी भिंतीत खिळा ठोकत असावं तसा.

तिने सोनोग्राफीचं यंत्र ओढून आणलं. उजव्या बाजूचे थोडे केस भादरले, गार जेल लावलं. जेलचा एक गोळा बाईंच्या रेशमी बाहीवर पडला, कोणाचं लक्ष गेलं नाही. पडद्यावर चित्र आलं तेव्हा खोलीतले सगळे पुढे सरसावले. काळ्याभोर पाण्यात एक राखाडी गोळा झोके घेत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, विहिरीत टाकलेल्या तांब्यासारखा.

डॉक्टरने समजावून सांगितलं ते असं: हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्यात एरवी जेमतेम चमचाभर पाणी असतं. हवालदाराच्या पिशवीत आता ती भरून वाहील एवढं साचलंय. पिशवी ताणली जाऊन जाऊन किती ताणणार? आता ते पाणी हृदयालाच दाबून धरतंय. त्यामुळे हृदयाला पुरतं फुलता येत नाही, फुलता येत नाही म्हणून रक्त आत घेता येत नाही, आणि आत न घेतलेलं रक्त मागे तुंबतं. ते तुंबलं की त्यातलं पाणी झिरपून पोटात साचतं.

"म्हणजे पोटात," बाईंनी हळूच विचारलं, "पाणी आहे?"

"पाणीच आहे, मावशी. चरबी नाही."

बाईंनी वळून लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. ते हवालदाराचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होते, त्यांनी हे ऐकलंही नव्हतं. या माणसाने रोज दारात उभं राहून खिसे उलटे केले होते, आणि आपण ते बघून घेतले होते.

पण आता त्या विचाराला वेळ नव्हता. डॉक्टर पुढचं सांगत होती. छातीतून सुई घालून ते पाणी काढावं लागेल, आणि आत्ता. धोका आहे. सुई हृदयाला टोचू शकते, ठोके बिघडू शकतात, टेबलावरच जाऊ शकतो. काढलं नाही तर मात्र संध्याकाळ बघणार नाही. पाणी का साचलं, हा प्रश्न वेगळा. कधी हृदयावर गाठ असते आणि ती रक्त गाळते, तेव्हा फारसं काही करता येत नाही. कधी काहीच कारण सापडत नाही, आणि अशा मोठ्या सोनेरी कुत्र्यांत ते पुष्कळदा तसंच असतं. तिला पडद्यावर गाठ दिसली नव्हती, पण नाहीच असं ती छातीठोकपणे सांगू शकत नव्हती.

"सुई कोण घालणार?" बाईंनी विचारलं.

"मी."

"याआधी किती वेळा केलंयस?"

डॉक्टरने चष्मा वर सरकवला. "दोनदा. दोन्ही वेळा सर शेजारी उभे होते."

बाईंना ती नऊ-दहा वर्षांची असताना आठवली. तक्त्यासमोर बसवलेली पोरं खालच्या ओळीला आली की अंदाजपंचे अक्षरं ठोकून देतात, मोठी माणसंही देतात, कारण चष्मा कोणालाच नको असतो. या मुलीने पहिली ओळ वाचली, दुसरी अर्धी वाचली आणि हात मांडीवर ठेवून सांगितलं होतं, की पुढचं मला दिसत नाही. बाईंनी इतक्या वर्षांत हजारो डोळे तपासले, पण इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच ऐकलं होतं.

"कर तू," त्या म्हणाल्या. "मी इथेच उभी राहते."

वन्संना आणि लेकीला बाहेर बसवलं. लेकीने नोंदणी कार्यालयाला फोन लावला. सशाला टोपलीत ठेवून सिस्टर आत आली. हवालदाराला डाव्या कुशीवर घेतलं, पायांना ईसीजीचे चिमटे लावले. यंत्र टकाटक वाजू लागलं, फार भरभर. उजव्या फासळ्यांवरचे केस काढून जागा पुन्हा पुन्हा पुसली गेली. डॉक्टरने कातडी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पडद्यावर बघून दोन फासळ्यांमधली जागा नक्की केली आणि लांब नळी चढवलेली सुई हातात घेतली. लिफ्टवाले डोक्याशी होते, बाई पाठीशी. बाई हवालदाराच्या कानात दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या चहाड्या सांगत होत्या, कारण त्या क्षणी त्यांना दुसरं काही सुचेना.

सुई आत गेली. डॉक्टर केसाकेसाने पुढे सरकत होती. तिचा चष्मा घामाने नाकावरून घसरू लागला, हात तर मोकळे नाहीत, आणि तिने मान मागे टाकून बघायचा प्रयत्न केला. बाईंनी टेबलावरून हात लांब केला आणि एका बोटाने चष्मा जागेवर बसवला. तो हात दिवसभर तेच काम करणारा होता. डॉक्टरने मान हलवली आणि सुई आणखी किंचित पुढे गेली.

नळीत लाल रंग चढला. गडद, द्राक्षाच्या तांबड्या दारूसारखा.

बाईंना वाटलं होतं, पाणी म्हणजे पाण्यासारखं असेल. हे तर रक्त होतं, आणि रक्त म्हणजे हृदय फुटलं. सिस्टरने त्यांचा दंड घट्ट धरला. डॉक्टरने पहिले काही थेंब काचेच्या नळीत घेतले आणि सिस्टरला ती नळी हलवत राहायला सांगितलं. हृदयातलं ताजं रक्त असेल तर थोड्या वेळात गोठेल, पिशवीत साचलेलं असेल तर गोठणार नाही. सगळ्यांच्या नजरा त्या काचेच्या नळीवर खिळल्या. सिस्टर ती कलती करत होती, सरळ करत होती. आतलं लाल पाणी इकडून तिकडे सुखाने वाहत होतं. ते वाहतच राहिलं.

"गोठत नाही," सिस्टर म्हणाली.

मग सिरिंज भरू लागल्या. एक भरली की भांड्यात रिकामी, की पुन्हा जोडायची. मधेच एकदा यंत्राची लय चुकली, दोन ठोके एकमेकांवर आदळल्यासारखे वाजले. डॉक्टर थांबली. तिने नळी किंचित मागे घेतली आणि सगळे त्या टकटकीकडे कान लावून राहिले. लय परत आली. तिने पुन्हा ओढायला घेतलं. एका सिरिंजचा सांधा निसटला आणि लाल पिचकारी थेट लिफ्टवाल्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. ते हलले नाहीत.

आणि मग टकटक संथ होऊ लागली. पळणाऱ्या माणसाने आधी धावणं सोडून भरभर चालावं, मग नुसतं चालावं, तशी. डॉक्टरने बाईंचा हात घेऊन हवालदाराच्या मांडीच्या आत ठेवला. बोटांखाली एक दांडगी नाडी उसळत होती. भांडं अर्ध्याच्या वर भरलं होतं. हिरड्यांवर गुलाबी रंग पसरत होता, खरोखर डोळ्यांदेखत, पहाट व्हावी तसा. हवालदाराने मोठा उसासा टाकला, डोकं उचललं, आणि आजूबाजूला जमलेल्या लोकांकडे असं पाहिलं, की हे सगळे माझ्या चौकीत काय करताहेत.

सगळ्यांत आधी सिस्टर हसली. तिचं हसू म्हणजे टाकीत दगड पडल्यासारखं होतं. मग लिफ्टवाले हसले, मग बाई. डॉक्टरने नळी काढून जागेवर कापूस दाबून धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. आधी वाटलं हसतेय, मग वाटलं रडतेय, मग कळलं की दोन्ही. ती म्हणाली, की आता मला कोणीतरी बसायला काहीतरी द्या. सिस्टरने स्टूल सरकवलं, पण त्यावर सशाची टोपली होती, आणि डॉक्टर बसता बसता वाचली. यावर सगळे पुन्हा हसत सुटले. कोणाला हसू आवरेना. बाई टेबलाची कड धरून वाकल्या होत्या. लिफ्टवाले भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

आवाज ऐकून लेक आणि वन्सं आत आल्या. लेकीने पोटातल्या पाण्याचं सगळं ऐकून घेतलं, मग लिफ्टवाल्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की काका, माझं चुकलं. बाईंनी तर सगळ्यांसमोर त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही खरं बोलत होतात," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

"अहो, पोटच इतकं मोठं होतं," लिफ्टवाले म्हणाले, "मलाही कधीकधी माझाच संशय यायचा."

वन्संनी हे कसं कोण जाणे स्पष्ट ऐकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, की बिस्किटं मीच देत होते, रोज, तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की. इतका गोड चेहरा करतो तो, मी काय करणार? आणि त्यांनी पर्स उघडून पुडा दाखवला. डॉक्टर पुन्हा स्टूल शोधू लागली.

एवढ्यात लेकीला आठवलं, की नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी आपल्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंतची मुदत दिली आहे. बाई म्हणाल्या, की मी याला सोडून कुठेही जाणार नाही. लिफ्टवाले म्हणाले, लग्न पुढच्या महिन्यात करू, कुठे पळून जातंय. डॉक्टरने दोघांना दाराकडे वळवलं. हवालदाराला संध्याकाळपर्यंत इथेच ठेवायचं होतं, ठोके बघत, पुन्हा पाणी भरत नाही ना ते तपासत. तुम्ही इथे बसलात तर तो तुमच्याकडे बघत उठायला जाईल, ती म्हणाली, आणि ते मला नकोय. जा आणि लग्न करून या. हवालदार तर आता खाली चादरीवर पडून लिफ्टवाल्यांचा बूट चाटत होता, तो बूट गेला याचंच त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

ते कार्यालयात पोचले तेव्हा साहेब कागद आवरत होते. अतिशय शिस्तीचे, कॉलरची वरची गुंडीसुद्धा लावलेले गृहस्थ. त्यांनी मान वर केली. समोर एक नवरी, तिच्या बाहीवर कसला तरी चिकट डाग आणि कमरेपासून खाली कपड्यांना चिकटलेले सोनेरी केस. शेजारी नवरा, आणि त्याच्या शर्टाच्या छातीवर लालभडक शिंतोडे. दोघांचे डोळे रडून सुजलेले आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे रक्त कोणाचं आहे?"

लिफ्टवाले खोटं न बोलणारे. "हवालदाराचं," ते म्हणाले.

साहेबांचा हात टेबलावरच्या फोनकडे सरकू लागला. त्यांनी अगदी संथ आवाजात विचारलं, की कुठल्या हवालदाराचं. लिफ्टवाले म्हणाले, आमच्याच, चष्म्याच्या दुकानावरच्या. वन्संना वाटलं की आपण मदत करावी. त्या पुढे होऊन म्हणाल्या, की काळजी करू नका, आता बरा आहे तो, छातीत सुई खुपसली तेव्हा मात्र जातो की काय असं वाटलं होतं. बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना असं काही हसू फुटलं, की शब्दच बाहेर पडेना. नवरीचं हे रूप बघून साहेबांचा हात फोनवर पडलाच. शेवटी लेकीने मोबाईल पुढे केला. पडद्यावर सोनेरी हवालदार, छातीची एक बाजू भादरलेली, जीभ बाहेर.

साहेबांनी फोटो पाहिला. पुन्हा पाहिला. मग त्यांनी कॉलरची वरची गुंडी काढली, खुर्चीत मागे रेलले आणि आवाज न करता इतके हसले, की शेजारच्या खोलीतला कारकून पाणी घेऊन आला. प्रतिज्ञा वाचताना ते दोनदा अडखळले. "कोणाच्याही दबावाखाली नाही" या शब्दांशी आले आणि नवऱ्याच्या शर्टाकडे त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांना खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं. लिफ्टवाल्यांनी सही केली, बाईंनी सही केली, लेकीने, वन्संनी आणि पाणी घेऊन आलेल्या कारकुनाने साक्षीदार म्हणून केली. दारापर्यंत सोडायला साहेब स्वतः आले.

संध्याकाळी दवाखान्यात ते परतले तेव्हा हवालदार स्वतःच्या पायांवर उभा होता. पोटातलं पाणी पुढच्या काही दिवसांत आपोआप उतरलं. डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, की तो दर थोड्या वेळाने बाहेर जायला मागेल, आणि त्याने मागितलंही. नव्या जोडप्याचा पहिला आठवडा जिने चढण्या-उतरण्यात गेला. दुसऱ्या शहरातल्या हृदयाच्या तज्ज्ञाने मोठ्या यंत्रावर नीट पाहिलं. गाठ नव्हती. कारणही सापडलं नाही. कारण न सापडल्याचा एवढा आनंद झालेली माणसं आपण पहिल्यांदाच बघतोय, असं तो म्हणाला.

पाणी एकदा परत भरलं. या वेळी बाईंनी कोपऱ्यावरच्या खांबापाशीच ओळखलं आणि तिथूनच त्याला दवाखान्यात नेलं. आता मोठे डॉक्टर शेजारी होते, पण ते हाताची घडी घालून उभे राहिले आणि सुई तरुण डॉक्टरनेच घातली. वारंवार असं करत बसण्यापेक्षा पिशवीचा एक तुकडाच कापून काढू, म्हणजे पाणी सुटलं तरी हृदयाभोवती अडकणार नाही, छातीत पसरेल आणि अंगात जिरून जाईल, असं तज्ज्ञांचं मत पडलं. शस्त्रक्रिया मोठी होती. बाई आणि लिफ्टवाले इस्पितळाच्या बाकावर हातात हात घालून बसले होते आणि त्या दिवशी मात्र दोघांपैकी कोणालाच हसू आलं नाही. सर्जन बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली केला, आणि तिचे दात दिसले. बाई म्हणतात की इतके सुंदर दात त्यांनी पुन्हा पाहिले नाहीत.

टाके निघाले, केस वाढू लागले, आणि मग एका सकाळी डॉक्टरने लांब फिरायला न्यायची परवानगी दिली. ते दोघं त्याला गावाबाहेरच्या तळ्यावर घेऊन गेले. हळूहळू न्या, असं बजावलं होतं, म्हणून लिफ्टवाल्यांनी पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. तळ्याच्या काठावर बदकं बसली होती. हवालदाराने आजवर कोणाचाही पाठलाग केला नव्हता, त्यामुळे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो एकदाच भुंकला आणि सुटला. लिफ्टवाले मागोमाग, काही पावलं पळत, मग घसरत, मग बसल्या बसल्याच गवतावरून पुढे. बाई ओरडत मागून धावल्या, त्यांची चप्पल चिखलात रुतली. बदकं उडाली. हवालदार पोटापर्यंत पाण्यात थांबला, वळला, आणि दोघांवर सगळं पाणी झाडलं.

लिफ्टवाले काठावर उताणे पडले होते. बाईंनी वाकून विचारलं, की लागलं का कुठे. त्यांना उत्तर देता येईना, नुसतं पोट हलत होतं. मग बाईही ओल्या गवतावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघं हसत राहिले, दम लागेपर्यंत, आणि दम लागल्यावरही. हवालदाराला मात्र अजिबात दम लागला नव्हता. तो पुन्हा पाण्याकडे निघाला होता.